मदत हवी आहे: शहरातूनच डोंगर किंवा पाणी दिसेल असं अमेरिकेतलं शहर सुचवा

यवतेश्वर
नमस्कार. आई-बाबा साताऱ्याहून येतायत. त्यांना आठ दिवस एकाच शहरात न्यायचंय. रोज बॅगा भरणं नको, नॅशनल पार्कांची धावपळ नको. खिडकीतून, रस्त्यानं चालताना निसर्ग दिसला पाहिजे. मागच्या वेळी बाबा चौथ्या दिवशी म्हणाले, "सगळं छान आहे रे, पण नजर टेकायला काही नाही." साताऱ्यात दार उघडलं की एकीकडे अजिंक्यतारा, दुसरीकडे यवतेश्वर. ते वाक्य मनातून जात नाही. तिकिटं उद्या काढायचीयत, लवकर सांगा.

रानजाई
कोणता महिना? निघणार कुठून? गाडी चालवणार का?

पावशा
सिएटल. पश्चिमेला ऑलिम्पिक डोंगररांग, पूर्वेला कॅस्केडची, मध्ये प्युजेट साउंडची खाडी, आणि दक्षिणेला १४,४१० फुटांचा माउंट रेनियर. बेनब्रिज बेटाच्या फेरीबोटीत बसा, ३५ मिनिटांत पलीकडे. परत येताना डेकवर उभं राहायचं. अकरा वर्षं इथे आहे, तरी आकाश मोकळं झालं की आजही हातातलं काम टाकून खिडकीशी जातो.

खाडीकाठ
रेनियर दिसला तर दिसला! सॅन फ्रान्सिस्कोला जा. ट्विन पीक्सवरून एकीकडे समुद्र, दुसरीकडे उपसागर. गोल्डन गेट ओलांडून थोडं गेलं की म्युर वुड्समधले रेडवूडचे उंच वृक्ष. मात्र तिथलं पार्किंग आधी आरक्षित करावं लागतं.

पावशा
आणि तुमच्याकडचं उन्हाळ्यातलं धुकं? माझे सासू-सासरे जुलैत आले होते. तीन दिवसांत पुलाचे खांबसुद्धा दिसले नाहीत.

खाडीकाठ
जुलैत कशाला आणलंत? सप्टेंबर-ऑक्टोबरात आणायचं.

यवतेश्वर
महिना सुट्टीप्रमाणे ठरलाय, तो बदलणार नाही. मला फक्त शहराचं नाव हवंय.

रानजाई
अहो, म्हणून तर विचारतेय. महिन्यावर शहर ठरतं.

मेपलपान
व्हँकुव्हर. डोंगर थेट समुद्रात उतरतात. या सगळ्यांपेक्षा सरस.

रानजाई
ते कॅनडात आहे. आई-बाबांना वेगळा व्हिसा लागेल, आणि तिकिटं उद्या काढायची आहेत.

टेकडीप्रेमी
बोल्डर, कोलोराडो. फ्लॅटआयर्नचे कातळ गावाच्या अगदी डोक्यावर. पण ते मोकळे का राहिले तेही बाबांना जरूर सांगा. १९५९ साली तिथल्या नागरिकांनी मतदान करून ठरवलं की ५,७५० फुटांच्या वर नगरपालिका पाणी पुरवणार नाही. 'ब्लू लाइन' म्हणतात तिला. पाणी नाही तर घरं कशी चढणार? पुढे १९६७ मध्ये मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी स्वतःवर विक्रीकरही लावून घेतला. नाहीतर आपलं पुणं बघा, टेकड्यांचे पायथे कधीच गेले.

कोथरूडकर
पुण्यात बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण आहे की टेकड्यांवर. नागरिकांनी किती वर्षं भांडून मिळवलंय ते! अंमलबजावणी होत नाही हा वेगळा मुद्दा.

टेकडीप्रेमी
वेगळा कसा, तोच तर मुद्दा आहे.

रानजाई
त्यासाठी वेगळा धागा काढा, प्लीज.

तीन_नद्या
पिट्सबर्गचं नाव कुणीच घेत नाही! अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगहेला एकत्र येऊन ओहायो होते, तो संगम माउंट वॉशिंग्टनवरून बघावा. वर जायला रुळांवरचे डबे आहेत, एक १८७० पासूनचा, दुसरा १८७७ चा. साताऱ्याच्या माणसाला संगम माहुलीची आठवण नक्की येईल. शिवाय पेन हिल्सला बालाजीचं मंदिर आहे.

काळजीवाहू
आई-बाबांचा प्रवासी विमा काढलात का? आधीपासूनचे आजार पॉलिसीत धरतात का ते नीट वाचा. आमच्याकडे एका रात्रीच्या इमर्जन्सीचं बिल अजून फिटतंय.

यवतेश्वर
विमा झालाय. बरं, सांगतो. २० ते २८ डिसेंबर. ह्यूस्टनहून निघणार. गाडी चालवेन, पण बर्फात कधी चालवली नाही. आईचा गुडघा दुखतो, चढ-पायऱ्या नकोत.

रानजाई
हे पहिल्या ओळीत हवं होतं! सिएटलला तेव्हा सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पावसाचे दिवस. बोल्डरला बर्फ. पिट्सबर्गला कडाक्याची थंडी.

पावशा
मान्य. डिसेंबरात मीही माझ्या आईला बोलावणार नाही.

लाटा
मग होनोलुलू. मागे कूलाऊची रांग, पुढे समुद्र, कडेला डायमंड हेड. वर चढायला बाहेरच्यांना आरक्षण लागतं आणि पायऱ्या आहेत, पण आईंना कापिओलानी पार्कच्या हिरवळीवर बसूनही तो डोंगर पुरेल. तिकिटं मात्र नाताळात महाग.

निवडुंग
टूसॉन, अ‍ॅरिझोना. आधी विचारलं असतंत तर आधीच सांगितलं असतं. चहूबाजूंनी डोंगर: उत्तरेला कॅटालिना, पूर्वेला रिंकन, दक्षिणेला सांता रिटा, पश्चिमेला टूसॉन माउंटन्स. डिसेंबरात दुपारी अठरा-एकोणीस अंश सेल्सियस, स्वेटरची हवा. सग्वारो निवडुंगांचं राष्ट्रीय उद्यान शहराच्या दोन्ही बाजूंना आहे. गाडीत बसून बघता येतं. या निवडुंगाला पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. सबिनो कॅन्यनमध्ये विजेवरची शटल आत नेते, गुडघ्याला त्रास नाही. माउंट लेमनचा रस्ता निवडुंगातून सुरू होऊन पाइनच्या जंगलात पोचतो. वर बर्फ असतो, तेव्हा रस्त्याची स्थिती बघूनच निघा, नाहीतर अर्ध्यातून परत फिरा. पण खरं दृश्य खालूनच. सूर्य कलला की कॅटालिनाची अख्खी भिंत गुलाबी होत जाते. पाणी मात्र विसरा, नद्या वर्षातला बराच काळ कोरड्या असतात.

लाटा
पाण्याशिवाय कसलं सौंदर्य?

निवडुंग
कातळाचं. सातारकराला हे समजावून सांगावं लागणार नाही.

यवतेश्वर
आत्ताच बाबांना फोन केला. टूसॉनबद्दल ऐकून त्यांनी एकच विचारलं, "सूर्य कुठल्या डोंगरामागून उगवतो?"

निवडुंग
डिसेंबरात आग्नेयेकडून, रिंकनच्या बाजूनं. त्याच वेळी उत्तरेकडे कॅटालिनाच्या माथ्यावर उजेड येतो. हॉटेल उत्तरेला, फूटहिल्सच्या भागात घ्या आणि खोली डोंगराकडे तोंड असलेली मागा. तळमजल्याची नको, पार्किंग आड येतं.

यवतेश्वर
लिफ्ट असेल ना तिथे? आईला दोन मजलेसुद्धा चढवत नाहीत.

डेन्व्हरवासी
सगळं वाचलं नाही, पण ऑगस्टमध्ये जाणार असाल तर डेन्व्हर उत्तम.

निवडुंग
@यवतेश्वर, त्या भागात बरीच हॉटेलं बसकी, पसरलेली आहेत. फोन करून विचाराच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी राहतो तिथून जवळ आहे.