बोलता येत नाही, पण अख्खा अभंग म्हणतात. हे कसं?

अशोकचौकवाला:
वडील (आम्ही त्यांना नान्ना म्हणतो) 63 वर्षांचे. सगळी उमर यंत्रमागावर चादरी विणण्यात गेली. आमच्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपली त्याच आठवड्यात पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हातपाय थोडा थोडा हलतोय, वाचा मात्र गेली ती गेलीच. आपण बोललेलं सगळं कळतं. पाणी हवं असलं की "त... त..." करतात आणि चिडून डाव्या हाताने तांब्या ढकलतात.

परवा एकादशीला त्यांचं भजनी मंडळ घरी आलं. टाळ सुरू झाले आणि नान्नांनी अख्खा अभंग म्हटला, एक शब्द न गाळता! आई उठून आत गेली. संपल्यावर मी विचारलं, "नान्ना, चहा?" परत "त... त..."

एकाने उपचार म्हणून शास्त्रीय रागांचा पेनड्राइव्ह गळ्यात मारलाय, 1500 रुपयांना. नान्ना ऐकता ऐकता घोरतात. आणि घरात आम्ही तेलुगू बोलतो, भजन मराठी. काय करावं?

वाचाउपचार:
मी स्पीच थेरपिस्ट आहे. बोलण्याची जुळवाजुळव बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे होते आणि उजवं अंगही तीच बाजू हलवते, म्हणून उजव्या अंगाबरोबर वाचा जाते. चाल आणि पाठांतर यांत मेंदूची उजवी बाजूही लागते, ती शाबूत आहे. पण नुसते अभंग म्हणवून ते बोलायला लागणार नाहीत, पाठ असलेलं आपोआप येतं. रोजचं वाक्य चालीत बसवायला हवं. बॉस्टनमध्ये 1973 साली ही पद्धत मांडली गेली. कळतं पण बोलता येत नाही, अशांसाठीच ती आहे.

"नीळ्ळु कावाली" (पाणी हवं) घ्या. दोनच सूर, एक वरचा, एक खालचा. त्यांचा डावा हात धरून प्रत्येक अक्षराला मांडीवर थाप. आधी गुणगुणा, मग दोघांनी मिळून म्हणा, मग तुम्ही मध्येच थांबा. भाषा? ज्या भाषेत ते पाणी मागत, ती. आणि एकदा थेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवाच. हे काम महिनोन्‌महिने चालतं.

पखवाजवाला:
लय फार जलद धरू नका हो. आमच्या मंडळातल्या एका काकांचा मुलगा इतक्या घाईत थापा द्यायचा की काका रडकुंडीला यायचे. नान्नांचा श्वास कुठे तुटतो ते बघून ठेका द्या. अन् तो पेनड्राइव्ह राहू द्या, झोप तरी लागतेय की!

अशोकचौकवाला:
तीन आठवडे झाले. मांडीवर थाप दिली की नान्नांचा पाय मागाच्या ठेक्यावर हलतो, म्हणून तोच ठेका धरला, खूप संथ. काल मी "नी" वर थांबलो आणि पुढचं "ळ्ळु" त्यांनी म्हटलं. आईने पळत जाऊन तांब्या आणला. अडचण एवढीच, की आता भाकरी हवी असली तरी "नीळ्ळु"च म्हणतात, आणि आपण पाणी दिलं की शिव्या देतात. शिव्या मात्र अगदी स्पष्ट येतात, हे कसं काय?