आईच्या पीएफसाठी लॉ कॉलेजच्या पोरांकडे जावं का?

पूर्वभागकर
आमच्या आईने तीसेक वर्षं विड्या वळल्या. आता बोटं चालत नाहीत, साठी उलटली. पीएफ आणि पेन्शनचा अर्ज परत आलाय. कारखान्याच्या रेकॉर्डला माहेरचं नाव, तेही तेलुगू नावाची पार मोडतोड करून लिहिलेलं. आधारवर सासरचं. जन्मतारखेचाही मेळ नाही. कारखान्यातले लोक दुरुस्तीच्या फॉर्मवर सही द्यायला आज-उद्या करायलेत. एक एजंट म्हणतो, मिळेल त्यातले वीस टक्के माझे. मी यंत्रमागावर आहे, वडील नाहीत. शेजारी म्हणाले, लॉ कॉलेजात फुकट सल्ला मिळतो. पण ती पोरं स्वतःच अजून शिकायलीत. कुणाला अनुभव आहे का?

नवीपेठ_७७
फुकट ते पौष्टिक, एवढंच काय ते. चांगला वकील बघा भाऊ.

तिसरं_वर्ष
दादा, मी एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्रात बसते. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक लॉ कॉलेजला असं केंद्र चालवावं लागतं. म्हणजे हे कुणाचे उपकार नाहीत, आमच्या अभ्यासाचाच भाग आहे. आम्ही लिहिलेलं सर तपासतात, मगच कागद बाहेर जातो.

तुमचं काम मुळात कोर्टाचं नाहीच, कागदांचं आहे. आणि कागद उलगडत बसायला वेळ लागतो, तो आमच्याकडे भरपूर. आमच्याकडे आलेल्या एका मावशींचं असंच होतं. पिशवीत रेशनकार्ड, विडी कामगाराचं ओळखपत्र, जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या, सगळ्याला तंबाखूचा वास. त्यात पीएफच्या वारस नोंदणीच्या फॉर्मची प्रत सापडली. वर माहेरचं नाव, खाली वारस म्हणून नवऱ्याचं पूर्ण नाव. दोन्ही नावांची बाई एकच, हे कारखान्याच्याच कागदावरून दिसलं. असा कागद तुमच्या घरी आहे का, आधी बघा.

सही अडकलीय तर कारखान्याला लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. तोंडी मागण्याला काही अर्थ नाही. तरी हलले नाहीत तर तीच पोच जोडून पीएफ ऑफिसला तक्रार. घरी बसून वळणाऱ्यांना पीएफ लागू नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सुप्रीम कोर्टाने ते 1985 सालीच निकालात काढलंय. नोकरी दहा वर्षांच्या वर भरली असेल तर पेन्शनचा हक्कही आहे, नुसते पैसे काढून मोकळे होऊ नका. एजंट हे सांगत नाही.

कोर्टवाला
वकील आहे, म्हणून एक भर घालतो. सनद नसलेल्या विद्यार्थ्याला तुमच्या वतीने कोर्टात उभं राहता येत नाही. तशी वेळ आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, वकील मोफत मिळतो. 1987 च्या कायद्यात बाईमाणसाला उत्पन्नाची अटच नाही. आई अर्जदार, त्यामुळे तुमचा पगार कुणी विचारणार नाही. हेल्पलाइन 15100.

पूर्वभागकर
हे बायकांचं माहीतच नव्हतं. वारसाचा फॉर्म पेटीत शोधतो. पण आई म्हणायलीय, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. आणि तिला मराठी कळतं, बोलते मात्र तेलुगूच.

तिसरं_वर्ष
कॉलेजची पायरी चढायचीय म्हणावं. तेलुगू बोलणाऱ्या दोन मुली आमच्या वर्गातच आहेत, एकीची आजी विड्याच वळायची. आईंनाच आणा, कामाची वर्षं त्यांच्या तोंडून नीट कळतात. कागद मूळ आणा, झेरॉक्स आम्ही काढू. तोवर एजंटला कोऱ्या फॉर्मवर अंगठा किंवा आलेला ओटीपी, दोन्ही देऊ नका.

नवीपेठ_७७
आमच्या वहिनीचंही असंच अडकलंय. शनिवारी चालू असतं का केंद्र?

तिसरं_वर्ष
आमचं असतं, दुपारपर्यंत. परीक्षेच्या दिवसांत बंद, तेव्हा आधी कॉलेजच्या ऑफिसला विचारून निघा.