पटरचा इन्सर्ट बदलताना वजनही बघा
गोल्फच्या पटरचा (चेंडू हळूच होलकडे ढकलायच्या क्लबचा) जुना इन्सर्ट, म्हणजे तोंडावरच्या खाचेत बसवलेला तुकडा, हीट गनने इपॉक्सी (चिकटवायचा गोंद) मऊ करून काढायचा, हे वरच्या उत्तरात सांगितलंय ते बरोबरच आहे. पण नवा "मापात बसेल तो कुठलाही चालेल" हे तिथलं म्हणणं मला पटत नाही. वजनाचं काय?

पाच घन सेंटीमीटरचा युरेथेनचा (एक मऊसर प्लास्टिक) इन्सर्ट साधारण सहा ग्रॅम भरतो, तेवढाच अॅल्युमिनियमचा साडेतेरा. पटरच्या हेडमध्ये दोन ग्रॅम वाढले की स्विंगवेट (क्लब फिरवताना डोकं हाताला किती जड वाटतं त्याचं माप) जवळजवळ एका अंकाने सरकतं, म्हणजे इथे तीन-चार अंक! पटिंगमध्ये अंतराचा सगळा अंदाज हातालाच असतो, त्यामुळे हा फरक नक्की जाणवतो. म्हणून जुना इन्सर्ट त्याला चिकटलेला इपॉक्सीचा थर खरवडून आधी काट्यावर ठेवा, मगच नवा निवडा. आणि चिकटवल्यावर इपॉक्सी पूर्ण कडक होईपर्यंत, निदान एक दिवस, पटरला हात लावू नका.