चिनी पासपोर्टवरील सासू-सासरे अमेरिकेत येणार आहेत : जुना व्हिसा, नवा पासपोर्ट आणि 'ईव्हस' नोंदणी (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझी पत्नी मूळची चीनमधील छंगदू शहराची आहे आणि आम्ही न्यू जर्सीत राहतो. येत्या हिवाळ्यात आमच्या घरी बाळ येणार असल्यामुळे तिच्या आई-वडिलांनी चार महिने इकडे येऊन राहावे, असा बेत आहे. पत्नी चिनी परिचितांकडे चौकशी करतेच आहे. तरीही, आपल्या मंडळींतही आता अशी मिश्र घरे बरीच असल्यामुळे आणि अनेकांचे व्याही-विहीण चीनहून येऊन गेलेले असल्यामुळे, येथेही विचारावे असे वाटले.

आपल्याकडे आई-वडिलांना अमेरिकेत आणण्याची रीत सर्वांना तोंडपाठ असते. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा, बोटांचे ठसे द्यायचे, मुलाखत द्यायची, आणि एकदा दहा वर्षांचा बी-१/बी-२ (व्यवसाय आणि पर्यटनासाठीचा) व्हिसा मिळाला की तिकीट काढून विमानात बसायचे. चिनी नागरिकांनाही २०१४ च्या नोव्हेंबरपासून दहा वर्षांपर्यंतचा व्हिसा मिळू लागला, त्यामुळे त्यांचेही तसेच असणार असे सगळे जण सांगतात. मात्र त्यांच्यासाठी २९ नोव्हेंबर २०१६ पासून आणखी एक पायरी आहे. दहा वर्षांचा बी-१, बी-२ किंवा बी-१/बी-२ व्हिसा असलेल्या चीनच्या पासपोर्टधारकाने प्रवासापूर्वी 'इलेक्ट्रॉनिक व्हिसा अपडेट सिस्टिम', म्हणजे ईव्हस, या प्रणालीत नोंदणी केलेली असावी लागते. ती नसेल तर व्हिसा पासपोर्टात असूनही विमान कंपनी प्रवाशाला विमानात घेत नाही. भारतीय पासपोर्टला हा नियम लागू नसल्यामुळे, माझ्या ओळखीतल्या भारतीय घरांपैकी एकालाही त्याविषयी काही सांगता आले नाही.

आता आमची अडचण सांगतो. सासूबाईंचा व्हिसा २०१७ मध्ये मिळालेला आहे आणि तो २०२७ च्या शरद ऋतूपर्यंत वैध आहे, परंतु ज्या पासपोर्टवर तो चिकटवलेला आहे त्याची मुदत संपल्यामुळे त्यांनी आता नवा पासपोर्ट काढला आहे. त्यांची ईव्हस नोंदणी मागील भेटीच्या वेळी जुन्या पासपोर्ट क्रमांकावर झालेली होती. जुना पासपोर्ट सोबत ठेवून नव्या पासपोर्टवर प्रवास करता येतो हे भारतीयांच्या बाबतीत मला ठाऊक आहे. चिनी पासपोर्टच्या बाबतीत त्यासाठी नोंदणी पुन्हा करावी लागते का, आणि ती त्यांच्या वतीने मी येथून केली तर चालते का?

सासऱ्यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्यांचा व्हिसा २०१५ च्या सुरुवातीचा होता आणि तो संपून वर्ष उलटून गेले आहे. पूर्वी व्हिसा संपल्यानंतर ४८ महिन्यांच्या आत अर्ज केल्यास मुलाखतीशिवाय, आपण ज्याला ड्रॉपबॉक्स म्हणतो त्या मार्गाने, नूतनीकरण होऊ शकत असे; २०२५ च्या फेब्रुवारीपासून ही मुदत १२ महिन्यांवर आली. शिवाय २ सप्टेंबर २०२५ पासून ७९ वर्षांवरील अर्जदारांना वयामुळे मिळणारी मुलाखतीची सवलतही काढून घेण्यात आली, त्यामुळे वयाच्या आधारावर सुटका होण्याचा मार्गही आता उरलेला नाही. म्हणजे त्यांना मुलाखत द्यावीच लागणार. छंगदूचा अमेरिकी वाणिज्य दूतावास २०२० च्या जुलैमध्ये बंद झाल्यामुळे मुलाखतीसाठी त्यांना ग्वांगझौ किंवा शांघायसारखे दुसरे शहर गाठावे लागेल. ते सरकारी रेल्वे उद्योगातून निवृत्त झालेले अभियंता आहेत आणि त्यांच्या पिढीतील अनेकांप्रमाणे कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही आहेत. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने पक्षाचे सदस्य आणि त्यांचे निकटचे कुटुंबीय यांच्या बी-१/बी-२ व्हिसाची कमाल मुदत दहा वर्षांवरून एक महिना आणि एक प्रवेश इतकी खाली आणल्याचे वाचले आहे. चार महिन्यांचा मुक्काम ठरलेला असताना एक महिन्याचा व्हिसा मिळाला तर काय करायचे, या प्रश्नावर आमच्या घरी रोज चर्चा होते.

आणखी एक गोष्ट विचारायची आहे. चीनमध्ये बाळंतिणीने पहिला महिनाभर घराबाहेर न पडता विश्रांती घेण्याची आणि तिच्या आईने तिचा आहार सांभाळण्याची पद्धत आपल्या सव्वा महिन्याइतकीच कडक आहे. सासूबाईंचा येण्याचा मुख्य हेतू तोच आहे. विमानतळावरील अधिकाऱ्याने कारण विचारले तर त्यांनी ते कसे सांगावे? नातवंडाला सांभाळायला आले असे म्हटल्यावर ते काम करायला आल्यासारखे धरले जाते, अशी भीती काही जणांनी घातली आहे.

ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे. भारतीय पासपोर्टवरून बांधलेले अंदाज आमच्याकडे पुरेसे जमा झाले आहेत.

आपला,
पैलतीर

*

प्रतिसाद : विहीणबाई_टेक्सास

पैलतीर, सर्वप्रथम तुम्हा दोघांचे अभिनंदन. आमची सून ग्वांगझौजवळची आहे, त्यामुळे व्याही आणि विहीणबाईंच्या येण्याजाण्यात ईव्हसशी आमचा चांगला परिचय झाला आहे.

तुमच्या सासूबाईंचा व्हिसा खराब झालेला किंवा रद्द केलेला नसेल तर तो जुन्या पासपोर्टात असला तरी चालतो. त्यांनी दोन्ही पासपोर्ट सोबत आणावेत. नोंदणी मात्र नव्याने करावीच लागेल, कारण ती पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेली असते. नोंदणी दोन वर्षे टिकते; त्याआधी पासपोर्ट किंवा व्हिसा संपला तर नोंदणीही तेथेच संपते. म्हणजे तुमच्या बाबतीत ती २०२७ च्या शरदातच संपेल. नोंदणी प्रवेशाच्या दिवशी वैध असली म्हणजे पुरते. मुक्काम चालू असताना ती संपली तरी बिघडत नाही, कारण मुक्कामाची मुदत आय-९४ या प्रवेशनोंदीवरील तारखेवरून ठरते.

अर्ज मुलाने, जावयाने किंवा अन्य कोणी भरून दिला तरी चालतो, मात्र दुसऱ्याच्या वतीने भरत असल्याचे त्यात नमूद करावे लागते. त्यात नोकरीचा तपशील, आई-वडिलांची नावे, अमेरिकेतील पत्ता, अन्य नावे आणि अन्य नागरिकत्व यांविषयी प्रश्न असतात. उत्तर बहुधा काही मिनिटांत येते, पण ७२ तासांपर्यंतचा अवधी धरून चालावे. ३० सप्टेंबर २०२५ पासून नोंदणीला शुल्क लागू झाले असून ते सुरुवातीला ३० डॉलर ठरवण्यात आले होते. संकेतस्थळाचा पत्ता सरकारी, म्हणजे जीओव्हीने (.gov) संपणारा आहे याची खात्री करूनच पैसे भरावेत; मिळत्याजुळत्या नावांची खाजगी संकेतस्थळे याच कामासाठी कितीतरी अधिक रक्कम मागतात.

माझ्या एका मैत्रिणीने तैवानच्या व्याह्यांसाठी हीच चौकशी केली होती, म्हणून सांगून ठेवते, की ही नोंदणी केवळ चीनच्या पासपोर्टला लागू आहे. हाँगकाँग आणि मकाऊच्या पासपोर्टला ती लागत नाही, आणि तैवानचे नागरिक २०१२ पासून व्हिसामाफीच्या योजनेत असल्यामुळे त्यांना इस्टा हा ऑनलाइन प्रवासपरवाना घ्यावा लागतो.

अधिकाऱ्याला कारण सांगताना काही लपवू नये. "मुलीला बाळ झाले आहे, तिला भेटायला आणि तिच्यासोबत राहायला आले आहे, अमुक तारखेला परत जाणार आहे" एवढे खरे आणि पुरेसे आहे. "सांभाळण्यासाठी" हा शब्द पाठ करून जाऊ नये, कारण पुढचे प्रश्न त्यावरच येतात. आमच्या विहीणबाईंना इंग्रजी येत नव्हते, म्हणून सुनेने एका कागदावर आमचा पत्ता, दूरध्वनी आणि परतीची तारीख दोन्ही भाषांत लिहून दिली होती आणि त्याचा उपयोग झाला.

*

प्रतिसाद : रेवाकाठ

सासऱ्यांच्या अर्जाविषयी लिहितो.

डीएस-१६० भरताना एक प्रश्न आपण सर्व जण डोळे झाकून 'नाही' म्हणून पुढे जातो, तो म्हणजे नावासाठी टेलिकोड आहे का. चिनी लिपीतील प्रत्येक अक्षराला तारायंत्राच्या काळात चार अंकी क्रमांक दिलेला होता, आणि हा प्रश्न त्या क्रमांकांविषयीच आहे. त्यांच्या नावातील प्रत्येक अक्षराचा क्रमांक पाहून तो तेथे भरावा. मूळ लिपीतील नावाच्या रकान्यातही चिनी अक्षरेच लिहावीत. अर्जाचे शुल्क २०२३ च्या १७ जूनपासून १८५ डॉलर आहे.

आपल्याकडे मुलगा प्रायोजकपत्र, बँकेचा दाखला आणि करविवरण यांचा गठ्ठा पाठवतो. तो सोबत असल्याने काही बिघडत नाही, पण निर्णय त्यावर होत नाही. अर्जदार परत जाईल का, हा अमेरिकी स्थलांतर कायद्याच्या कलम २१४(बी) खालचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर अर्जदाराच्या स्वतःच्या परिस्थितीत असते. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत निवृत्तिवेतन, घराच्या मालकीचे प्रमाणपत्र, कुटुंबनोंदणीची पुस्तिका आणि मागील भेटींतून ते वेळेवर परत गेल्याच्या नोंदी या गोष्टी बोलक्या ठरतील. जवळच्या तिसऱ्या देशात जाऊन मुलाखत देण्याचा विचार असेल तर तो सोडावा. २०२५ च्या सप्टेंबरपासून अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी, असा दंडक आहे.

आता पक्षसदस्यत्वाविषयी. अर्जात संस्थांच्या सदस्यत्वाविषयी विचारले जाते, आणि तेथे जे आहे ते लिहावे. खोटे उत्तर दिल्याने जे नुकसान होते ते कमी मुदतीच्या व्हिसापेक्षा कितीतरी मोठे असते. त्यांना एक महिन्याचा व्हिसा मिळालाच तर घाबरण्याचे कारण नाही, कारण तो महिना अमेरिकेत दाखल होण्यासाठीचा असतो. एकदा प्रवेश मिळाल्यावर किती काळ राहायचे हे विमानतळावरील अधिकारी आय-९४ वर ठरवतो, आणि बी-२ वर तो सहसा सहा महिन्यांपर्यंतचा काळ देतो. पूर्ण मुदतीचा व्हिसा नसल्यामुळे अशा प्रवाशाला ईव्हसचीही गरज पडत नाही.

यातून मुलाखतीच्या तारखेचा खरा पेच उभा राहतो. आपल्याकडे मुलाखत जितकी लवकर मिळेल तितकी बरी, असे आपण समजतो. येथे मात्र मुलाखत उन्हाळ्यात झाली आणि एक महिन्याचा व्हिसा लगेच छापला गेला, तर हिवाळ्यात बाळ येईपर्यंत तो केव्हाच संपलेला असेल. म्हणून मुलाखत प्रवासाच्या जवळची घ्यावी, आणि परतावा मिळेल असेच तिकीट काढावे. सासूबाईंचा प्रवास सासऱ्यांच्या व्हिसावर अवलंबून ठेवू नये.

*

प्रतिसाद : तिरफळ

माझे सदस्यनाम पाहून कोणी हसण्याआधीच लिहितो, की सामानाविषयी बोलण्याचा मला अधिकार आहे. छंगदूच्या सासूबाई येणार म्हणजे सिचुआनचे हुआजियाओ (जीभ बधिर करणारी मिरी) येणारच, जे आपल्या कोकणातल्या तिरफळाचे सख्खे भाईबंद आहे. लिंबूवर्गीय झाडांवरील कॅन्कर या रोगाच्या भीतीने १९६८ पासून २००५ पर्यंत अमेरिकेने त्याच्या आयातीवर बंदी घातली होती. आता ते येथील आशियाई दुकानांत सहज मिळते, त्यामुळे पिशव्या भरून आणण्याचे कारण नाही. वाळवलेले डुकराचे मांस आणि सॉसेज मात्र अजिबात आणू देऊ नयेत. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग २०१८ मध्ये चीनमध्ये पोहोचल्यापासून त्यावर विशेष लक्ष असते. जे काही खाद्यपदार्थ असतील ते जकात नोंदीत 'आहे' असे सांगावेत. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतला जातो. दंड होतो तो लपवलेल्या पदार्थाबद्दल.

हाँगकाँगमार्गे येणार असल्यास, पुढच्या देशाचा व्हिसा आणि पुढचे तिकीट दाखवून मुख्य भूमीचे चिनी नागरिक तेथे सात दिवसांपर्यंत थांबू शकतात. नायगाराला न्यायचे असेल तर अमेरिकेच्या बाजूनेच पाहावे, कारण अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडासाठी चिनी पासपोर्टला वेगळा व्हिसा लागतो.

*

पैलतीर :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रेवाकाठ यांनी मांडलेला मुलाखतीच्या तारखेचा मुद्दा आमच्या लक्षातच येण्यासारखा नव्हता, कारण आम्हीही लवकरात लवकरची तारीख शोधत होतो. आता असे ठरले आहे, की सासूबाईंची नोंदणी नव्या पासपोर्टवर मी याच आठवड्यात करीन आणि त्या प्रसूतीच्या आधी पंधरवडाभर एकट्या येतील. सासऱ्यांची मुलाखत ग्वांगझौला शरदाच्या अखेरीस घेऊ आणि व्हिसा हाती पडल्यावरच त्यांचे तिकीट काढू.

एक प्रश्न अजून बाकी आहे. पक्षसदस्याच्या निकटच्या कुटुंबीयांनाही तोच नियम लागू असेल, तर २०२७ मध्ये सासूबाईंच्या व्हिसाचे नूतनीकरण करताना त्यांच्याही वाट्याला एक महिन्याचाच व्हिसा येईल का? या परिस्थितीतून कोणाचे कुटुंबीय गेले असतील तर त्यांनी अर्ज कोठे केला आणि व्हिसा किती मुदतीचा मिळाला, ते अवश्य कळवावे.