उभ्या जाळीवर वेलभाज्या: चौकट कशी, छाटणी कधी?

हिरवाओटा: गच्चीवर रोज सहा तास ऊन येतं. २० लिटरच्या बॅगांमध्ये काकडी, दोडका, दुधी आणि चवळी लावायची आहे. आडवा मांडव नको, खालची जागा मोकळी हवी. ३ मीटर लांब, २ मीटर उंच अशी उभी चौकट पुरेल का? जाळीची भोकं केवढी घ्यावीत? शेंडा कधी खुडायचा?

लोखंडीमांडव: उंची पुरेशी आहे. त्याहून उंच केलीत तर तोडणीला स्टूल लागेल. लांबीला मात्र मधे तिसरा खांब हवाच, नाहीतर वरचा पाइप वेल भरल्यावर पोटात वाकतो.

चौकट पडते ती बहुतेक वेळा फळांच्या वजनाने नाही, वाऱ्याने. पानांनी भरलेली जाळी म्हणजे शिडाचं कापडच. त्यामुळे खांब नुसते बॅगेत खोचू नका. तळाशी काँक्रीट भरलेल्या बादल्या ठेवा आणि वरची टोकं कठड्याला किंवा भिंतीला तारेने ताणून बांधा. जमिनीत करत असाल तर खांब ४५ ते ६० सेंमी खोल गाडा. रांग उत्तर-दक्षिण ठेवता आली तर सकाळी एका बाजूला आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूला ऊन मिळतं.

भोकं १५ सेंमीची घ्या. ५ सेंमीच्या जाळीत कोवळी काकडी शिरते, तिथेच फुगते आणि शेवटी जाळी कापूनच काढावी लागते.

सुतळी_बरी: जाळी सगळ्यांनाच लागत नाही. काकडी, दोडका, दुधी तणाव्यांनी (वेलाला फुटणाऱ्या दोऱ्यासारख्या आकड्यांनी) धरतात, त्यांना जाळी द्या. चवळीचा वेल स्वतःच गुंडाळत चढतो, त्याला सरळ उभी सुतळी बास. आणि गुंडाळायला मदत करताना दिशा बघा: चवळी, घेवडा वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतात. उलटा गुंडाळलेला शेंडा स्वतःच सुटून येतो.

ताग लवकर कुजतो, म्हणून चवळीपुरताच. दुधीला नायलॉनच.

परागकण: बॅगांबद्दल कुणी बोललं नाही. २० लिटरमध्ये काकडीची दोन रोपं किंवा दोडक्याचं एक. दुधीला ४० ते ५० लिटर, तेही एकाच रोपाला. लहान बॅगेतला दुधी भर दुपारी माना टाकतो आणि फळं धरत नाही.

छाटणी: दुधीचा मुख्य शेंडा जाळीच्या टोकाशी पोहोचला की खुडा. मग फुटणाऱ्या फांद्या १०-१२ पानांच्या झाल्या की त्यांचेही शेंडे खुडा. मादी फुलं त्या पुढच्या फांद्यांवर जास्त येतात (थ्री-जी कटिंग म्हणतात ते हेच). जमिनीपासून ३० सेंमीपर्यंतचे फुटवे सगळ्याच वेलांचे काढा, हवा खेळली की भुरी (पानांवर पांढरी पूड दिसते तो बुरशीचा रोग) कमी पडते. संकरित काकडीचा शेंडा मात्र खुडू नका. त्यातल्या अनेक जाती मुख्य वेलावरच मादी फुलं देतात, शेंडा खुडला की तेच पीक जातं.

हिरवाओटा: आभार. दोडक्याला फुलं भरपूर येतात, पण बोटाएवढी फळं पिवळी पडून गळतात. खत कमी पडतंय का?

परागकण: खत वाढवू नका. नत्र जास्त झालं की नुसती पानंच वाढतात. हे परागीकरण न झाल्याचं लक्षण आहे. दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात, तेव्हा मधमाश्या परतलेल्या असतात. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला भाग मादी फुलाच्या आत हलकेच घासा. मादी फूल ओळखायला सोपं, मागे इवलं फळ असतं. काकडी आणि कारल्याला हेच काम सकाळी करायचं.

लोखंडीमांडव: आणि पिवळ्या फळावर टोचल्याचा डाग असून आत अळी निघाली, तर ती फळमाशी. गळलेली फळं त्याच दिवशी उचला, कंपोस्टमध्ये टाकू नका. क्यू-ल्यूरचा (नर फळमाश्यांना ओढणाऱ्या आमिषाचा) सापळा लावा आणि फळ धरलं की त्यावर कागदी पिशवी चढवा.