तीन कुलपांची पेटी: वर्षाअखेर वाटणी करावी का?

रानजाई
पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाच्या मराडी भागात 1991 साली केअर या मदत संस्थेने हौसा समाजातल्या बायकांच्या भिशीच्या सवयीवर एक बचत पद्धत उभी केली, 'माता मासू दुबारा', म्हणजे हिकमती बायका. पुढे ती आफ्रिकेत खूप पसरली. साधारण 15 ते 25 जणींचा गट, लोखंडी पेटी, तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे आणि पेटी चौथीकडे. दर बैठकीला 1 ते 5 शेअर, म्हणजे ठरल्या किमतीचे बचतीचे हिस्से घ्यायचे, पासबुकात तेवढे शिक्के मारायचे. कर्ज फार तर बचतीच्या तिप्पट. वर्षभरात व्याजासकट सगळं वाटून पेटी रिकामी! मला हे पटत नाही. आपल्या बचत गटांसारखं भांडवल साठवून बँकेशी जोडा. दरवर्षी शून्यावर आलं तर शेळीपुरत्या कर्जाच्या पलीकडे, तेलघाण्याएवढं कर्ज मिळणार कधी?

माळकरी
रानजाई, वाटणी हाच तिथला लेखापरीक्षक आहे. समजा शेअर 100 फ्रँकचा (तिथलं चलन), वर्षात 5000 शेअर विकले गेले, व्याज-दंड धरून पेटीत 6 लाख जमले. मग प्रत्येक शेअरला 120. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपले शिक्के मोजून हे पडताळता येतं. वाटणी पुढे ढकलली की थकबाकी झाकली जाते, आणि मधे आलेल्या सभासदाचा हिस्सा किती यावर गट फुटतो. शिवाय वाटणी पावसाच्या तोंडावर ठेवता येते, म्हणजे बियाण्याला आणि टंचाईच्या महिन्यांतल्या धान्याला पैसा हातात असतो. बँक लांब असेल तर खात्यावर सही करणाऱ्या तिघींचा अख्खा दिवस बुडतो.

ओवी_२
तुम्ही दोघंही पेटीत काय होतं ते बोलताय, पेटीपर्यंत कोण पोचतच नाही ते नाही. विधवा, नवऱ्याने टाकलेली, दुसऱ्याच्या शेतात राबणारी बाई शेअरच्या किमतीवरच बाहेर पडते. किंमत ठरवताना विचारायचं ते असं: सगळ्यात वाईट आठवड्यात सगळ्यात गरीब बाई किती देऊ शकेल? तेवढाच एक शेअर. बाकीच्यांना पाच घ्यायची मुभा आहेच. तरीही 100 च्या एका शेअरने 52 आठवड्यांत 5,200 जमतात, तिप्पट कर्ज 15,600, पाचवालीला 78,000. ही दरी वाटणीने मिटत नाही, बँकेनेही नाही. घाना, मलावी, युगांडातल्या गटांच्या 2017 च्या अभ्यासात बायकांचा घरातला शब्द वाढलेला दिसला, सरासरी घरखर्च मात्र नाही. गरिबी हटली असं म्हणताना जपून.

रानजाई
किमतीचा मुद्दा मान्य. पण माळकरी, वाटणीआधी नवी कर्जं थांबवतात, जुनी वसूल होतात आणि सगळी रोकड एका झोपडीत साठते. चोरीची भीती तेव्हाच सर्वांत जास्त.

माळकरी
तेवढ्या आठवड्यांपुरतं खातं किंवा मोबाईल पैसे वापरा, माझी हरकत नाही. सगळ्यांची संमती असेल तर वाटणीच्या दिवशीच प्रत्येकीने सारखी रक्कम पेटीत परत टाकून नवं वर्ष सुरू करता येतं. तुमचा तेलघाणा तिथून होईल.

ओवी_२
सारखी म्हणजे किती, ते एका शेअरवालीला आधी विचारा. तिच्या वाट्यातून ती रक्कम गेली तर बियाणं कशाने घेणार?