मदत हवी आहे: घोडीचा मागचा एकच पाय सुजलाय आणि गरम लागतोय

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय.

आम्ही माथेरानचे. पावसात पर्यटक तुरळक, त्यामुळे आमची नऊ वर्षांची घोडी दहा दिवस पागेत उभीच आहे. रोज सकाळी तिचे मागचे दोन्ही पाय नळीपासून खाली भरलेले असायचे. हाताला थंड, बोट दाबलं की खळगा पडायचा, पण दुखायचं नाही. दस्तुरीपर्यंत फिरवून आणलं की उतरायचे. वडील म्हणायचे, उभं राहून पाय भरतात.

आज मात्र फक्त डावा पाय सुजलाय. नळीची कड हाताला लागतच नाही, नुसता खांब. दोन्ही पायांवर एकदम हात ठेवून बघितलं, डावा चांगलाच गरम. खुराचं टोक तेवढं टेकवते. दाणाही तसाच पडलाय, आणि ही घोडी दाणा कधी सोडत नाही.

डॉक्टर खालून दुपारपर्यंत येतील. तोवर काय करू? शेजारचे म्हणतात चालव, उतरेल. कोणी म्हणतं पट्टी घट्ट बांध.

प्रतिसाद १

दादा, चालवू नका. घोड्याच्या पायाला खालच्या भागात स्नायू नसतात, हाडं आणि कंडराच (स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर). रक्त वर चढायला चालीची मदत लागते, म्हणून उभ्या घोड्याचे दोन्ही पाय भरतात. ते वेगळं. एकच पाय, गरम, दुखरा, त्यात खाणं सोडलेलं, हे संसर्गाचं, कंडरा दुखावल्याचं नाहीतर खुरात पू झाल्याचं असू शकतं.

आधी ताप घ्या. शेपटीखाली थर्मामीटर लावताना बाजूला उभे राहा, मागे नको. १०१ पर्यंत ठीक. १०२ च्या वर असेल तर डॉक्टरांना आत्ताच फोन करा. मग खुराच्या मागच्या खोबणीतले केस सारून बघा. चिखलात उभं राहून तिथे खपल्या धरतात, कातडी चिरते आणि तिथूनच जंतू शिरतात.

थंड पाण्याची धार १५-२० मिनिटं सोडा, नंतर पाय पुसून पूर्ण कोरडा करा. घट्ट पट्टी अजिबात नको, खाली जाड कापूस नसेल तर कंडराला इजा होते. माणसांची दुखण्याची गोळीही देऊ नका.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो. पोटाखालीही सूज असेल, ताप येत-जात असेल, घोडी खंगत असेल तर सर्रा (रक्तातल्या परजीवीचा आजार) आहे का ते बघायला रक्ततपासणी करून घ्या. तो चावणाऱ्या माश्यांमुळे पसरतो आणि पावसाळ्यात माश्या फार. धनुर्वाताची लस कधी दिली तेही डॉक्टरांना सांगा.

मूळ लेखक (तीन दिवसांनी)

तुमचे दोघांचे खूप आभार. ताप १०३ निघाला. खोबणीत केसांखाली खपली होती, नखाएवढी, ओली. रोज खरारा करतो, पण तिथपर्यंत हात गेला नव्हता, याचं फार वाईट वाटतं. पोटाखाली सूज नाही. डॉक्टरांनी प्रतिजैविक आणि सुजेचं इंजेक्शन दिलं, पाचही दिवस पूर्ण करायचे म्हणाले. काल तिने दाणा संपवला. पाय अर्ध्याहून जास्त उतरलाय, खूर पूर्ण टेकवते. आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं हाताने फिरवतोय.

आता एकच अडचण: पागेची जमीन लाल मातीची, पावसात सुकतच नाही. भाताचा तूस टाकला तर दोन दिवसांत भिजतो. डोंगरावर पावसात घोडे ठेवणारे कोणी असतील तर खाली काय अंथरता, ते सांगाल का?